बोरीकाठचं घर आणि व्हीलचेअर : जानेवारी ते ऑगस्ट २०२४ च्या नोंदी

१४ जानेवारी २०२४

आजपासून ही वही सुरू करते. पुण्यात खडकीच्या लष्करी रुग्णालयात असताना अशी एखादी वही मला वाचायला मिळाली असती तर पुढची बरीच वणवण वाचली असती. ज्यांच्या घरी फौजी खुर्चीवर बसून परत येणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

हे सैन्यात हवालदार. सप्टेंबर २०२२ मध्ये गस्तीची गाडी दरीत कोसळली. मणका डी-८ ला, म्हणजे पाठीच्या मधोमध, मोडला. छातीच्या खाली हालचाल नाही, जाणीव नाही. आधी उत्तरेत शस्त्रक्रिया झाली, मग खडकीच्या लष्करी रुग्णालयात मणक्याच्या विभागात चौदा महिने. त्यातले दहा महिने मी तिथेच खोली घेऊन राहिले. दर दोन तासांनी कूस बदलणं, खुर्चीत दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन्ही हातांवर अंग उचलणं, लघवीची नळी ठरल्या वेळी घालणं हे आम्ही दोघंही तिथे शिकलो.

खडकीत सैनिकांसाठी पॅराप्लेजिक (खालचं अंग लुळं पडलेल्यांचं) पुनर्वसन केंद्र आहे, १९७४ पासूनचं. तिथे राहण्याचा विचार झाला होता. मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले आणि १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पोहून सुवर्णपदक घेऊन आले, हे एका फिजिओने यांना सांगितलं. यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मला माझ्या वावरात जायचंय." म्हणून घर. अमळनेर तालुक्यात, बोरी नदीकाठी. २० फेब्रुवारीला यांना आणायचं ठरलं आहे. मी आधी येऊन कामाला लागले.

खडकीत शिकवतात ते सगळं सपाट फरशीवरचं. आमचं घर जुनं, धाब्याचं. आज भाऊजींबरोबर टेप घेऊन मापं घेतली. ओटा जमिनीपासून २६ इंच. पुढचं दार २८ इंच, उंबरा ५ इंच उंच. स्वयंपाकघराचं दार २६ इंच. खुर्ची हाताच्या रिंगांसकट २५ इंच. मोरी चार बाय चार. संडास अंगणाच्या टोकाला, दोन पायऱ्या चढून, बैठकीचा. थोडक्यात, या घरात हे कुठेच जाऊ शकत नाहीत.

२१ जानेवारी

मिस्तरींनी तीन दिवसांत रॅम्प बांधला. १३ फूट लांब. मी खडकीतलं माप सांगितलं होतं, एक इंच चढाला एक फूट लांबी, म्हणजे २६ फूट हवा. मिस्तरी म्हणाले, "ताई, यावरून ट्रॅक्टर चढेल, खुर्ची का नाही चढणार?" अंगणही पुढे सोळाच फूट आहे. मी गप्प बसले. ती माझी चूक. खर्च १४,५०० रुपये.

१ फेब्रुवारी

सिमेंट पिकल्यावर चाचणी घेतली. मागवलेली खुर्ची आली होती, तिच्यात भाऊजींना बसवलं, त्यांचंही वजन सत्तर किलो. चढवायला दोन गडी लागले. उतरताना गड्याच्या हातून खुर्ची सुटली ती थेट भिंतीला धडकली, भाऊजींच्या गुडघ्याला मार लागला. त्यांना गुडघा दुखतो ते कळलं तरी. यांचा पाय मोडला असता तरी कुणाला कळलं नसतं.

रॅम्प फोडला. फोडण्याची मजुरी वेगळी.

११ फेब्रुवारी

नवा रॅम्प. अंगणात ओट्याजवळ ८ इंच मुरूम भरून घेतला, म्हणजे चढ उरला १८ इंचांचा. १८ फूट सरळ जागेत बसत नव्हते म्हणून काटकोनात वळवला. आधी दहा फूट, मग पाच बाय पाचचा सपाट चौक, मग आठ फूट. चौक पाच फुटांपेक्षा लहान करू नका, खुर्ची वळत नाही. दोन्ही कडांना चार इंचाची पाळ, नाही तर चाक बाहेर जातं. वरचा थर ओला असताना खराट्याने आडव्या रेघा ओढल्या, पावसात घसरू नये म्हणून. आता मी एकटी खुर्ची चढवू शकते. रेलिंगसकट ४१,००० रुपये.

याच आठवड्यात उंबऱ्याचं ठरलं. मला हे सगळ्यांत अवघड जाईल असं वाटत होतं. सागाचा उंबरा, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावतात. माझं लग्न झालं तेव्हा माप मी त्याच उंबऱ्यावर ओलांडलं. दार ३६ इंचांचं करायचं तर चौकट निघणार, आणि उंबरा ठेवला तर खुर्ची अडणार. लाकडाची छोटी उतरंड दोन्ही बाजूंनी लावून बघितली, पुढची लहान चाकं त्यावर अडकतात.

दोन दिवस मी आत्याबाईंना विचारूच शकले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच मिस्तरींना हाक मारली. म्हणाल्या, "मना आंडोर घरमा येवाले जोयजे. उंबरा ऱ्हायना काय नि गया काय." आंडोर म्हणजे मुलगा. आणि आत जाऊन दार लावून घेतलं. उंबरा निघेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

लाकूड टाकलं नाही. सुताराकडून रंधून घेतलं, देवघराखाली बसवायला ठेवलं आहे. दारात जमिनीला सपाट अशी काळ्या दगडाची पट्टी घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर पट्टीवर हळदकुंकू होतं. चौकट, दार, सुतार मिळून १८,०००.

२० फेब्रुवारी

हे आले. रॅम्पच्या तळाशी गाडीतून उतरवल्यावर मी मागे हात लावला तर म्हणाले, "थांब." दहा फूट स्वतः चढले, चौकात श्वास घेतला, उरलेले आठ चढले. दारात दगडी पट्टीजवळ थांबून उंबरा कुठे गेला म्हणून विचारलं. आत्याबाईंनी भाकरीतुकडा ओवाळून टाकला. मुलगी आठ वर्षांची, ती दीड तास लाजत खांबाआडून बघत होती.

३ मार्च

बाथरूमच्या चुका. जोंधळ्याची पोती ठेवायची खोली सात बाय आठची होती, तिथे केलं. १,१२,००० खर्च आला, त्यातले वीसेक हजार दुरुस्तीचे.

पहिली चूक उताराची. पाणी लवकर जावं म्हणून मिस्तरींनी फरशीला चांगलाच उतार दिला. त्याने आंघोळीची खुर्ची ब्रेक लावूनही जाळीकडे सरकते. फरशी काढून पुन्हा बसवली, दिसेल न दिसेल इतकाच उतार ठेवून.

दुसरी कमोडची. कमोडची बैठक खुर्चीच्या गादीच्या पातळीत हवी, आमची २० इंच. कमोड बुटका निघाला म्हणून खाली तीन इंचाचा चौथरा बांधला. आता खुर्चीचं पायठाण चौथऱ्याला अडतं आणि खुर्ची जवळच येत नाही. चौथरा फोडून कमोडच्या वर उंच बैठक बसवली. आधीच तसं केलं असतं तर तीन दिवस वाचले असते.

तिसरी सगळ्यांत धोक्याची. धरायचे स्टीलचे दांडे प्लंबरने टाइलला भोक पाडून प्लास्टिकच्या गुल्ल्यांत स्क्रूने बसवले. दिसायला मजबूत. मी दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं, एक दांडा टाइलसकट हातात आला. जुनी वीट, आत माती. मग भिंतीच्या आरपार बोल्ट काढून पलीकडे लोखंडी पट्टीला आवळले. ज्या घरात हे काम होईल त्या घरातल्या सगळ्यांत जड माणसाने आधी दांड्याला लोंबकळून बघावं, मगच प्लंबरचे पैसे द्यावेत.

२४ मार्च

हे लिहू की नको, असा आठवडाभर विचार केला. यांना विचारलं. म्हणाले, "लिही. ज्यांच्या घरात हे चाललंय त्यांना कळू दे."

पुण्याहून येताना मी दवाखान्यासारखा लोखंडी पलंग घेतला होता, डोकं वर होणारा, तीन फूट रुंद. २२,००० रुपये. यांचा पलंग खिडकीशी, माझी खाट भिंतीशी. रात्री दोन तासांचा गजर. अकरा, एक, तीन, पाच. उठायचं, कूस बदलायची, पायांमध्ये उशी ठेवायची, पुन्हा झोपायचं. सकाळी पोट साफ करायचं काम, तेही मीच करायचे. त्याला तास-सव्वा तास लागतो. मग आंघोळ, कपडे, कातडी तपासणं.

दहा दिवसांतच आमचं बोलणं फक्त कामाचं उरलं. नळी झाली का? पाणी किती प्यालात? लाल कुठे दिसतंय का? एका रात्री कूस बदलताना मी सवयीने म्हटलं, "पेशंटने हात वर घ्यायचा." खडकीत सिस्टर तसं म्हणायच्या. यांनी हात वर घेतला. पण सकाळपर्यंत बोलले नाहीत. सकाळी म्हणाले, "तू माझी नर्स झालीस याचं मला वाईट नाही वाटत. पण माझी बायको कुठंय, ती दिसत नाही." मी त्यांच्या पायांशी बसून खूप रडले. मलाही ती दिसत नव्हती.

मग जे केलं ते असं. लोखंडी पलंग विकला, १३,००० आले. सुताराकडून सहा फूट रुंद लाकडी पलंग करून घेतला, उंची खुर्चीइतकीच, डोक्याशी भिंतीत पक्का दांडा आणि पायथ्याला गाठी मारलेला दोर. १६,००० रुपये. दोर आणि दांडा धरून हे आता स्वतःच कुशीवर होतात. मी फक्त उशी सरकवते, तीही कधी कधी झोपेतच.

पोटाचं काम हे स्वतः करायला शिकले. आंघोळीच्या खुर्चीला खाली कापलेली बैठक, समोर हलता आरसा. पहिले दहा दिवस रोज दोन तास गेले, दोनदा सगळं आवरायला मलाच जावं लागलं. तिसऱ्या आठवड्यात दाराला आतून कडी लावली. मी बाहेर उभी राहून ऐकत होते. आतून म्हणाले, "जा ना, चहा ठेव."

आणखी एक. शुश्रूषेचं सगळं काम मी एका जुन्या सुती गाऊनमध्ये करते. ते झालं की गाऊन बाथरूमच्या खुंटीला, मी साडी नेसून बाहेर. संध्याकाळी गाऊन घालायचा नाही. हा नियम कुणी शिकवला नाही, पण आमच्याकडे त्याने खूप फरक पडला. जवळीक पुन्हा शिकावी लागते, त्याबद्दल खडकीच्या डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा. आम्ही लाजून वर्षभर विचारलं नाही. ते वर्ष उगीच गेलं.

१७ एप्रिल, रामनवमी

आजचा दिवस कठीण गेला.

चैत्रात आमच्या भागातून पायी वणीच्या गडावर, सप्तशृंगी देवीला जायची रीत आहे. उन्हातान्हात, धुळे, मालेगाव, कळवण अशी माणसं चालत असतात. हे सुट्टी मिळेल त्या वर्षी जायचेच. युनिटमध्ये असले तर रविवारच्या मंदिर परेडला देवीचं नाव घ्यायचे.

अपघाताची बातमी आली त्या रात्री मी सप्तशृंगीला नवस बोलले होते. हे पायांवर उभे राहिले की आम्ही दोघं जोडीनं पायी गडावर येऊ. तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार दोन्ही उपास धरले. घरी आल्यापासून हे देवघराकडे फिरकले नव्हते. माझी समजूत अशी की देव स्वयंपाकघरातल्या उंच कोनाड्यात आहेत, हात पोचत नाही म्हणून. म्हणून मार्चमध्ये कोनाडा बंद केला आणि ३० इंच उंचीवर देवघर केलं, खाली गुडघे जातील अशी मोकळी जागा सोडून, उंबऱ्याचं लाकूड पाटासारखं बसवून. स्वयंपाकाचा ओटाही त्याच उंचीचा केला. दोन्हीला मिळून ११,०००. तरी हे आले नाहीत.

आज दारावरून पायी जाणाऱ्यांचा जथा गेला. मी रॅम्पवर उभी राहून हात जोडले, डोळे भरून आले. हे मागे होते. म्हणाले, "किती दिवस मागणार आहेस?"

मी म्हटलं, देवीच्या मनात असेल तर होईल.

"तू देवीकडे माझे पाय मागतेस. त्या गाडीत आम्ही पाच जण होतो. मी एकटा जगलो. त्याबद्दल तू एकदा तरी तिला हात जोडलेस का? रोज तुझा उपास बघतो आणि मला वाटतं, मी अजून आलोच नाही. येणार तो दुसराच कुणीतरी आहे."

मला उत्तर आलं नाही. दीड वर्ष मी उपास करत होते आणि ज्याच्यासाठी करत होते तो समोर बसून मोजत होता. गाडीतल्या चौघांची नावं यांनी तेव्हा पहिल्यांदा माझ्यासमोर घेतली. आम्ही दोघांनी त्यांच्या नावाने देवघरात दिवा लावला. हे देवघराशी आले ते असे.

१० मे, आखाजी (अक्षय्य तृतीया)

माहेरी एरंडोल तालुक्यात गेले नाही, यांना सोडून जायचा धीर नाही. भाऊ येऊन भेटून गेला. आत्याबाईंनी दारच्या निंबाला झोका बांधायला लावला. सून सासरी झोका खेळते हे गावात कुणी पाहिलं नसेल. यांनी खुर्चीचे ब्रेक लावले, छातीचा पट्टा आवळला आणि झोक्याचा दोर ओढू लागले. मुलगी आधी, मग मी. गल्लीतल्या बायका बघत होत्या. मी झोका थांबवला नाही.

२४ मे

माझी चूक. पारा ४५ च्या घरात. सकाळी खुर्ची धुऊन अंगणात वाळत ठेवली, दुपारी बारा वाजता आत आणली आणि यांना बसवलं. अनवाणी पाय लोखंडी पायठाणावर. यांना कळलं नाही, मी हात लावून पाहिलं नाही. संध्याकाळी डाव्या तळव्याला दोन मोठे फोड. खान्देशातल्या उन्हात ही गोष्ट कुणी सांगायची राहू नये. धातूला आधी आपला हात लावा, मोजे आणि चप्पल घातल्याशिवाय बसवू नका, फरशीवरून सरकवू नका. फोड फोडले नाहीत, ड्रेसिंग रोज चालू आहे.

दुसरं, छातीच्या खाली यांना नीट घाम येत नाही. उन्हाळ्यात अंग तापतं आणि आपल्याला वाटतं लघवीचा संसर्ग झाला. आधी ओला पंचा मान आणि हातांवर, कूलरसमोर अर्धा तास, मग थर्मामीटर. पाणी वाढवलं तर नळीच्या वेळाही वाढवाव्या लागतात, नाही तर मूत्राशय भरून वाहतं. आम्ही पाचाच्या सहा केल्या.

तिसरं, वीज. पलंगावरची हवेची गादी विजेवर चालते. रात्री दोन वाजता वीज गेली, गादी सपाट झाली, मी झोपेतच. सकाळी माकडहाडावर लाल चट्टा. दाबून पांढरा होत होता, म्हणून वाचलो. दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर घेतला, २४,०००.

९ जून

पहिला मोठा पाऊस. रॅम्पला खालून तडा गेला. मुरूम भरताना पाणी मारून ठोकला नव्हता, तो आता बसला. मिस्तरींनी बिनपैशाचं दुरुस्त करून दिलं, त्यांनाही वाईट वाटलं. अंगणातल्या काळ्या मातीचा चिखल चाकांना असा बसतो की चाकं फिरत नाहीत. फाटकापासून रॅम्पपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले, ३८,०००.

कागदांबद्दल एवढंच. मेडिकल बोर्डाच्या आणि डिस्चार्ज बुकच्या दहा-दहा झेरॉक्स आधीच काढून ठेवा. एका कार्यालयात आमची फाइल हरवली आणि तीन फेऱ्या झाल्या. सतत सोबतीला माणूस लागत असेल तर त्याचा भत्ता वेगळा असतो, पण तशी शिफारस बोर्डाच्या कागदात आहे का ते खडकीहून निघण्याआधीच पाहून घ्या.

१८ जून

गडावर जाऊन आलो. हे म्हणाले, "फेडायचा नवस नाही, भेटायला जाऊ." गर्दी नको म्हणून साधा मंगळवार निवडला. पहाटे चारला निघालो, नांदुरीमार्गे वर. गडावर फनिक्युलर ट्रॉली आहे, तिने वर गेलो. पुढे जिथे अडलं तिथे अनोळखी पोरांनी खुर्ची उचलली. कुणी विचारलं नाही कोण, कुठले.

अठरा हातांची देवी. मी काहीच मागितलं नाही, खरंच सुचलं नाही. यांनी बराच वेळ हात जोडले होते. ओठ हलत होते, चौघांची नावं असावीत. बाहेर आल्यावर मी विचारलं नाही.

आता चूक. जाताना पाच तास, येताना सहा तास गाडीत. गाडीच्या सीटवर खुर्चीची गादी घातली नव्हती, ती डिकीत होती. दर तासाला थांबून आडवं करायचं ठरलं होतं, येताना पाऊस लागला आणि आम्ही दोघंही थांबायचं विसरलो. घरी आल्यावर आरशात पाहिलं. उजव्या बैठकीच्या हाडावर रुपयाएवढी कातडी सोलली होती.

२ जुलै

जखम दुसऱ्या पायरीची. डॉक्टरांचं एकच औषध, त्या जागेवर बसायचं नाही. म्हणजे पालथं. दिवसाला वीस तास पालथं, छातीखाली उशी, हनुवटी हातांवर. जेवण तसंच. ड्रेसिंग रोज.

मी खचले. देवीला भेटायला गेलो आणि ही जखम घेऊन आलो, याचा अर्थ काय लावायचा? आत्याबाईंनी शेजारणीकडून ऐकलं की पायी गेलो नाही म्हणून देवी कोपली. हे पालथे पडून हसले नाहीत, रागावले नाहीत. म्हणाले, "आई, गादी डिकीत होती. देवीने नव्हती ठेवली." नंतर मला एकटीला म्हणाले की उद्या पुन्हा जायचं झालं तरी जाईन, फक्त गादी खाली घालून.

मी त्यांच्याइतकी खंबीर नाही. तीन रात्री देवघराशी बसले, काही बोलले नाही. चौथ्या रात्री मंगळवारचा उपास सोडला आणि शुक्रवारचा ठेवला. शुक्रवार आता कशासाठी मागून नाही.

१७ जुलै, आषाढी

हे अजून पालथेच. मी पलंगाखाली चटईवर झोपून हरिपाठ वाचला, म्हणजे तोंड समोरासमोर येतं. हे वरून चुका दुरुस्त करत होते.

जखम अर्धी भरली. वेळ मिळाला म्हणून हिशेब केला. फोडलेला रॅम्प १४,५००, नवा ४१,०००, दार १८,०००, बाथरूम १,१२,०००, लोखंडी पलंगातला तोटा ९,०००, लाकडी पलंग १६,०००, देवघर आणि ओटा ११,०००, इन्व्हर्टर २४,०००, पेव्हर ३८,०००, हवेच्या कप्प्यांची खुर्चीची गादी १९,०००. एकूण ३,०२,५००. मजुरीचे सुटे पैसे यात नाहीत. अर्धे आमच्या शिलकीतले, अर्धे भाऊजींनी कापूस विकून दिले, क्विंटलला सात हजाराच्या आसपास भाव होता. भाव वाढेल म्हणून थांबायचं असा त्यांचा विचार होता, थांबले नाहीत. हे पैसे आम्ही परत करणार आहोत, इथे लिहून ठेवते.

पुन्हा करायचं झालं तर पलंग आणि गादी आधी, रॅम्प नंतर. मी उलटं केलं.

१० ऑगस्ट

उद्या कानबाई, आमच्या खान्देशातला देवीचा सण. काल नागपंचमी झाली, त्यानंतरचा पहिला रविवार. जखम बुजली, कातडी अजून गुलाबी आहे. डॉक्टरांनी दिवसातून तीनदा चाळीस मिनिटं बसायची परवानगी दिली.

आज रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू मोजले. आमच्याकडे घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ घेतात आणि ते जात्यावर दळतात. रोट भाऊबंदकीतच खायचे, बाहेर द्यायचे नाहीत. गेल्या वर्षी हे खडकीत होते. आत्याबाईंनी यांच्या नावाची मूठ स्वतः घातली होती आणि त्यांच्या वाट्याचा रोट शेवटी एकट्या खात बसल्या होत्या, हे मला आज भाऊजींनी सांगितलं.

हे स्वयंपाकघरात आले. दार आता ३४ इंचांचं आहे, बोटं खरचटत नाहीत. मी परात त्यांच्या मांडीवर ठेवणार होते, नको म्हणाले. ओट्यावर ठेवायला लावली आणि गुडघे ओट्याखाली घेतले. भाऊजींची मूठ झाली, त्यांच्या मुलाची झाली, चुलत सासऱ्यांची झाली. मग यांनी पोत्यात हात घातला. रिंगा ढकलून तळव्याला जाड घट्टे पडले आहेत. मूठ परातीत सोडली, वर पाव मूठ घातली.

आत्याबाई बघत होत्या. म्हणाल्या, "मांगल्या सालले मनी मूठ धाकली पडनी व्हती."

मुलीने विचारलं, माझी मूठ का नाही? आत्याबाई काही बोलायच्या आत यांनी तिचा हात धरून पोत्यात घातला. आत्याबाईंनी तोंड वळवलं, पण परात उचलली नाही.

चाळीस मिनिटांचा गजर झाला. हे पालथे झोपायला गेले, मी आणि जाऊबाई जात्यावर बसलो. उद्या पहाटे पाचला स्थापनेची तयारी. गंगाफळ (लाल भोपळा) आणून ठेवलं आहे, दिव्याला तेल पुरेसं आहे, नळीची वेळ साडेचारला केली.